पूर्वेकडची ताटी

आत्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात खराटा होता आणि केसांत कडुनिंबाची पिवळी पानं. फेब्रुवारी सरत आला की चेन्नईत अड्यारच्या आमच्या मागल्या अंगणातला कडुनिंब आठ-दहा दिवसांत सगळं जुनं टाकून मोकळा होतो, आणि ते सगळं माझ्याच वाट्याला येतं. सकाळी झाडावं, दुपारी पुन्हा तेवढंच. "काय करून राहिली वं?" आत्यानं अमरावतीहून विचारलं. म्हटलं, अंगण झाडतेय, उन्हाळ्याची तयारी. "हो बाई, तुह्या अंगणाची तयारी चालली. तिकडे माह्या भावाले अकोल्यात एकट्याले टाकलं, त्याचं काही वाटते का तुले?"

"वाटतं," मी म्हणाले आणि फोन ठेवला. मग इतक्या जोरात झाडलं की खराट्याची दोरी सुटली आणि काड्या अंगणभर पसरल्या.

चार वर्षं हा प्रश्न मला विचारला जातोय. मलाच. माझा भाऊ पुण्यात राहतो, धडधाकट आहे, त्याच्या घराला तीन खोल्या आहेत, पण त्याला कुणी विचारत नाही. त्याला संसार आहे ना! मी लग्न केलेलं नाही, म्हणजे माझ्याकडे वडील ठेवायला जागाच जागा, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं आहे. आणि भाऊ तर कमालच करतो. तो स्वतःच मला विचारतो, "ताई, बाबांचं काय करायचं ठरवलंस?" जसं काही बाबा म्हणजे माझ्या घरी पडून राहिलेलं त्याचं कपाट आहे.

दुसरा संताप उन्हाळ्याच्या नावाचा. चेन्नईत तीनच ऋतू असतात, गरम, जास्त गरम आणि असह्य गरम, हा विनोद मी इथे नोकरीला आले त्या दिवशी ऐकला आणि त्यानंतर दर वर्षी नव्यानं येणाऱ्या प्रत्येक मराठी पोरापोरीच्या तोंडून ऐकते आहे. तेही वातानुकूलित ऑफिसात बसून, अंगावर जाकीट घालून. अरे, कधी खिडकी उघडून बघितलीत का? मार्चचा पहिला पंधरवडा इथे काय असतो ते बघा. कडुनिंबाला तांब्याच्या रंगाची पालवी फुटलेली असते, उजेड पडला की ती आरपार दिसते. कोकीळ पहाटे पाचपासून डोकं उठवतो. कोपऱ्यावरची फूलवाली जानेवारीभर महागामोलाचा मोगरा मोजून द्यायची, ती आता हातभर गजरा मापून देताना वर आणखी चार बोटं सोडते. आणि दुपारी दीड-दोनच्या सुमाराला, नेमका अंगाला चिकटा येऊन जीव वैतागला की, समुद्राकडून वारा येतो. एकदम येतो. वाळत घातलेल्या साड्या आधी सांगतात. नारळाच्या झावळ्या सळसळतात, घरातली दारं आपटतात आणि गल्लीतला जो तो पाच मिनिटं हातातलं काम सोडून नुसता उभा राहतो. हे ज्यांना दिसत नाही त्यांनी खुशाल विनोद करावेत.

पण मी हे ज्याला दाखवायला निघाले होते, त्याचं सांगते.

चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत बाबा शिडीवरून पडले. अकोल्याच्या घरी एकटेच होते. आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मनगट मोडलं आणि दोन तास ते फरशीवर पडून राहिले, शेवटी दूधवाल्याला हाक ऐकू गेली. वय सत्त्याहत्तर. मी आणि भावानं फोनवर ठरवलं की आता पुरे. जानेवारीत मी जाऊन त्यांना घेऊन आले. घराला कुलूप घातलं, किल्ली माझ्या पर्समध्ये. ठरवलं म्हणजे आम्ही दोघांनी ठरवलं. तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही, हे आज सांगताना माझं मलाच आश्चर्य वाटतं.

बाबा आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवायचे. हाताला काम नसलं की त्यांचा चेहरा दगडी होतो. माझ्या घरात ते महिनाभर सोफ्याच्या एका टोकाला बसून राहिले. तमिळ येत नाही, मी दिवसभर लॅपटॉपसमोर, टीव्हीवर मराठी चॅनेल लावून द्यायची तर ते तोंड फिरवायचे. फेब्रुवारीच्या मध्यात त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "तिकीट कधीचं काढतं?" मी ऐकलं न ऐकलंसं केलं. चार दिवसांनी पुन्हा. तेव्हा माझ्या डोक्यात अंगण आलं. जन्मभर उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून राहिलेला माणूस, त्याला बाहेर बसायला जागा मिळाली की तो राहील. अंगण जमलं तर बाबा राहतील, नाही जमलं तर त्या फरशीवर परत जातील. माझ्यासाठी त्या उन्हाळ्यात एवढी एकच गोष्ट होती.

अंगण म्हणायचं, पण तिथं पाय ठेवायला जागा नव्हती. घरमालक वेंकटराव वरच्या मजल्यावर राहतात. तंजावरकडचं जुनं मराठी घराणं, बँकेतून निवृत्त, बायको गेलेली, मुलगी परदेशात. त्यांची मराठी आपल्याला पोथीतून आल्यासारखी वाटते, आणि मधूनच तिच्यात तमिळ शिरतं. "कधीं तरी लागेल" हे त्यांचं तत्त्व. त्यामुळे अंगणात रंगाचे रिकामे डबे, एका स्कूटरची सीट, वाटणाचा फुटका दगडी रगडा, नारळाच्या करवंट्यांचा ढीग आणि एक दार. नुसतं दार, चौकटीशिवाय. मी रविवारी पदर खोचून उतरले. अर्ध्या तासानं मागून आवाज आला, "असं झाडतेत काय? कचरा पुढे ढकलून राहिली, का जमिनीत पुरून राहिली?" आणि बाबांनी माझ्या हातातला खराटा घेतला.

काय सांगू तुम्हाला! पुढच्या आठवडाभरात त्या माणसानं अंगण असं काढलं की वेंकटरावांनाच आपलं घर ओळखू येईना. करवंट्या एका बाजूला रचल्या, रगडा धुऊन उलटा घालून त्याचं बसायचं ठिकाण केलं, त्या अनाथ दाराचं टेबल केलं. बाज इथं कुठून मिळायची! एका जुन्या सामानाच्या दुकानातून मी लाकडी खाटेचा सांगाडा आणला, काथ्याची दोरी आणली, आणि दुखऱ्या मनगटानं बाबांनी ती दोन दिवसांत विणली. विणताना ते चक्क गुणगुणत होते. मी दारामागे उभी राहून ऐकलं.

बाज झाल्यावर त्यांनी कमरेवर हात ठेवून विचारलं, "इथं वारा कोणत्या अंगानं येते?"

"पूर्वेकडून. समुद्रावरून."

"मंग तिकडून ताटी लावू."

इथे माझी चूक झाली. आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना उन्हाळा म्हटला की पहिलं सुचतं ते कोंडून घेणं. आमच्याकडे वारा म्हणजे झळ. मार्च लागला की खिडक्या बंद, दाराला वाळ्याची ताटी, तिच्यावर दिवसातून दहादा पाणी, आणि त्या ओल्या वाळ्यातून गाळून येईल तेवढाच वारा घरात घ्यायचा. कोरड्या हवेत त्याचा गारवा असा पडतो की अंगावर काटा यावा. इथे हवाच आधी ओलीचिंब, त्यात आणखी पाणी शिंपडून काय होणार? मी हे जाणत होते. माझ्या पहिल्याच उन्हाळ्यात मी कूलर विकत घेतला होता आणि चादरीला बुरशी आल्यावर तो वॉचमनला देऊन टाकला होता. तरी मी बोलले नाही. कारण दोन महिन्यांत पहिल्यांदा बाबांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं होतं.

वाळा इथं भरपूर मिळतो, त्याला वेट्टिवेर म्हणतात, पाण्याच्या माठात टाकतात. काष्ठौषधीच्या दुकानदारानं मी मागितलेली जुड्यांची संख्या ऐकून विचारलं, घरी लग्न आहे का? बाबांनी बांबूच्या कामट्यांचा पुरुषभर उंचीचा चौकोन केला, त्यात वाळा ठासून भरला, वर आडव्या काड्या बांधल्या. काम बघण्यासारखं होतं, एक मुळी बाहेर नाही. पूर्वेच्या बाजूला ताटी, उरलेल्या फटींना हिरवी जाळी आणि गोणपाट. मग नळाला पाइप लावून त्यांनी ताटी भिजवली आणि बाजेवर आडवे झाले.

दोन वाजता वारा आला, आणि वेंकटरावही जिन्यावरून धावत खाली आले.

"अय्यो, हें काय केलेंत सार! वारें येण्याची वाट तीच. तीच बंद केलींत?"

"बंद कुठं केली? गाळून घेऊन राहिलो," बाबा उठलेसुद्धा नाहीत.

"गाळावयास तें काय कॉफी आहे? समुद्राचें वारें तें. माझ्या बापानें त्या वाऱ्यासाठीं या बाजूस भिंत घातली नाहीं."

"उन्हाळ्यात वारा अडवाच लागते, रावसाहेब. सत्तर उन्हाळे काढले मी."

"कोठें काढलेत? अकोल्यास!"

अकोल्याचं नाव त्यांनी अशा सुरात घेतलं की बाबा ताडकन उठून बसले. त्यानंतर जे झालं त्यात कोणाला किती कळलं देव जाणे. एक पोथीतल्या भाषेत रागावतोय, दुसरा अस्सल वऱ्हाडीत, मधून "पो सार" आणि "जा बाप्पा" यांची फेकाफेक. मी दोघांच्या मध्ये कॉफीचा ट्रे घेऊन उभी, आणि मला दोघांचाही इतका राग आला होता की ती कॉफी मी एकटीनं प्यायले.

पुढे तीन आठवडे दोघं बोलले नाहीत. बाबा दिवसातून सहा वेळा ताटी भिजवायचे. मार्च सरत आला, बोअरचं पाणी खारट झालं, लॉरीनं पाणी मागवायचे दिवस आले, आणि एका सकाळी अंगणातल्या नळाला पाणी येईना. वेंकटरावांनी वरून टाकीचा कॉक बंद केला होता. मी तरातरा वर गेले. म्हटलं, म्हाताऱ्या माणसाशी असं वागता, लाज नाही वाटत? ते खुर्चीत शांत बसले होते. म्हणाले, "बाई, मीही म्हातारा आहें. पिण्याचें पाणी आहे तें. तुमचे तीर्थरूप भिजवितात कोणास? वाळ्यास. आणि घामानें भिजतात स्वतः. तुम्ही पाहिलें नाहीं काय?"

मी पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर मी पाहायचं टाळत होते. ताटीच्या आत अंगण न्हाणीघर झालं होतं. बाजेची दोरी ओलसर, गोणपाटाला काळे ठिपके, बाबांचा बनियन पाठीला चिकटलेला. विचारलं की म्हणायचे, "गार वाटते." मीही मान डोलवायचे. किती खोटं बोलत होतो आम्ही दोघं!

त्याच आठवड्यात एका दुपारी माझी मीटिंग रद्द झाली. दोन वाजून गेले होते. अंगणात गेले तर बाज रिकामी. घरात नाहीत, न्हाणीत नाहीत. पायांत चपला न घालता गल्लीत धावले, आणि कोपरा वळले तर बाबा. कुंपणाच्या बाहेर, पूर्वेच्या बाजूला, स्वतःच बांधलेल्या ताटीच्या पलीकडच्या अंगाला, शर्टाची बटणं सोडून, डोळे मिटून, दोन्ही हात बाजूला धरून वारा घेत उभे होते. शेजारी उसाच्या रसाचा गाडावाला त्यांच्याकडे बघून हसत होता. हे रोजचंच असावं.

मी अक्षरशः ओरडले. "बाबा! इथे येऊन वारा घ्यायचा, आणि आत पाणी मारून बसायचं? कळतं ना तुम्हाला, ती ताटी इथं कामाची नाही ते? मग काढा ना!"

त्यांनी सावकाश बटणं लावली. "पहिल्याच दिवशी समजलं होतं मले."

"मग?"

"वारा फस्क्लास आहे वं इथला. त्याले नाव ठेवाले जागा नाही. पण ताटीजवळ पडून डोळे मिटले, का मी घरी असतो. वाळ्याचा वास येते ना." मग म्हणाले, "त्या रावाले नको सांगू."

उन्हात अनवाणी पाय भाजत होते, तेवढंच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच ताटी उतरवली. वेंकटराव आवाज ऐकून खाली आले आणि त्यांनी सरळ दुसरं टोक धरलं. वाळा सोडवून बाबांनी त्यांच्या हातात दिला, "माठात टाका." त्या दुपारी वारा अंगणभर आला. पुढचे आठ-दहा दिवस म्हणजे मी मनात जे चित्र काढलं होतं तेच होतं. कडुनिंबाला फुलोरा आला होता, वेंकटराव त्याखाली जुनं पांढरं धोतर अंथरून पडलेली फुलं गोळा करायचे, रसमसाठी वाळवायला. बाबा ती निवडायला बसायचे. दोघांचं एकमेकांचं अर्धं बोलणं कळायचं नाही आणि दोघांनाही त्याची फिकीर नव्हती. मी खिडकीतून बघायचे आणि मनात म्हणायचे, जमलं. जिंकले मी. भावाला फोटोसुद्धा पाठवला.

आणि एका संध्याकाळी, वारा वाहत असताना, हातात कॉफी असताना, बाबा म्हणाले, "पोरी, आता तिकीट काढ."

माझं डोकंच फिरलं. "आता काय कमी आहे इथं?"

"काहीच नाही. म्हणून तर आता सांगून राहिलो. काही कमी असतं तर तुले वाटलं असतं, बाप रागावून चालला."

"आणि तिथे पुन्हा पडलात तर?"

"पडीन."

"मग मी काय करायचं?"

त्यांनी कप खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. त्यांची नजर मला अजून आठवते, तिच्यात राग अजिबात नव्हता. "मले एक सांग. तुले मी इथं पाहिजे, का तुहा जीव थाऱ्यावर पाहिजे?"

मी उठून आत गेले. दोन दिवस कामापुरतं बोलले. इतकं केलं, हात सोलवटले, घरमालकाशी भांडले, आणि वर हे ऐकायचं? पण त्या दोन दिवसांत पर्स उघडली की त्यांच्या घराची किल्ली हाताला लागायची. शेवटी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी त्यांना अकोल्याला सोडून आले. भाऊ फोनवर किंचाळला. आत्या तेव्हापासून विचारतेच आहे.

आत्याला एक गोष्ट ठाऊक नाही. गेल्या पावसाळ्यात बाबा पुन्हा पडले. अंगणात, शेवाळावरून. या वेळी घोटा. आठ दिवस त्यांनी कुणाला कळवलं नाही, मला ते शेजारच्या बाईंकडून समजलं. माझा संताप अनावर झाला. बस झाली ही मिजास, म्हटलं, उचलून आणते. ऑफिसातून सरळ विमानतळावर गेले, नागपूरला उतरले, तिथून गाडी करून भर पावसात अकोल्याला पोचले. वाटभर काय काय बोलायचं ते पाठ करत होते, एकेक वाक्य धार लावून. परतीची दोन तिकिटं काढलेली होती.

दार उघडायला त्यांना बराच वेळ लागला. पायाला प्लास्टर, काखेत घरीच केलेली कुबडी, तिचं लाकूड तासून गुळगुळीत केलेलं. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "न्यायले आली, का भेटायले?"

बॅगेत त्यांच्या नावाचं तिकीट होतं.

"भेटायला," मी म्हणाले.